साफ हातांनी मी चुडा भरला नाही

साखरेच्या पिशव्या होत्या. किलोभर साखर मावते तसल्या, पातळ, आरपार दिसणाऱ्या. एकीच्या कोपऱ्यात अजून चार दाणे चिकटलेले होते.

"भाभी, आधी ह्या हातात चढीव," मालतीवैनी म्हणाली.

मला वाटलं चेष्टा करून राहिली. मी हसले. माझ्यासोबत कुणी हसलं नाही. बैठकीच्या खोलीत पंधरा-वीस बाया होत्या. सगळ्या माझ्या हातांकडं बघत होत्या. मालतीवैनीनं पिशव्या माझ्या अंगावर फेकल्या नाहीत, खोटं कशाला बोलू. माझ्यासमोर फरशीवर ठेवल्या आणि चार पावलं मागं सरकली.

"राग मानू नको. पर पोरीच्या अंगाला लागलं म्हंजे? उद्या साखरपुडा हाय. सासरचे काय म्हणतील?"

पस्तीस वर्षं मी तिला "अहो वैनी" म्हणत आले. इथं लिहिताना "ती" म्हणून लिहिते आहे. चालू द्या.

मी मण्यारीण. चाकूरला राहते. सासऱ्यांपासून आमच्या घरात बांगड्यांचा धंदा. डोक्यावर पेटी घेऊन मी गावोगाव फिरले, मग सायकलवाल्या मुलामागं बसून फिरले, मग जीपनं. चाकूरपासून दोन कोसांवर मालतीवैनीचं गाव. ऊस, सोयाबीन, दोन ट्रॅक्टर, दारात गाडी. ती नवी नवरी होऊन आली तेव्हा तिच्या हातात चुडा मीच भरला होता. तिची थोरली ऋतुजा दोन वर्षांची असताना तिला पहिली काचेची बांगडी मी घातली. त्याच ऋतुजाचा साखरपुडा होता.

आणि सोफ्यावर डॉक्टरीणबाई बसली होती. मालतीवैनीची धाकटी बहीण, लातूरला तिचा स्वतःचा दवाखाना आहे. दोन वर्षांमागं ह्याच घरात तिनं माझे तळहात उलटेपालटे करून पाहिले होते. म्हणाली होती, "भाभी, ह्याला सोरायसिस म्हणतात. शिवल्यानं पसरत नाही, कुणाला लागत नाही. पण अंगावर काढू नका. सरकारी दवाखान्यात दाखवा." चिठ्ठी पण तिनंच लिहून दिली होती.

तर मी तिच्याकडं बघितलं. ती चहा पीत होती. तिनं कप खाली ठेवला आणि बहिणीला म्हणाली, "मनगटाला रबर लाव गं ताई, नाहीतर निसटतील."

तिला ठाऊक होतं. त्या खोलीत तिला आणि मला, दोघींनाच ठाऊक होतं.

मी पिशव्या घातल्या. एका बाईनं दोन रबर आणून दिले, तेही लांबून.

आता बांगडी कशी भरतात ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. बांगडी बोटांनी भरायची असते. पोरीचा हात आपल्या हातात घ्यायचा. तिच्याशी बोलत राहायचं, शाळेचं, जावयाचं, काहीही. बोलता बोलता हात मऊ पडतो. अंगठ्याखालचं हाड आत दाबायचं, चार बोटं जुळवायची, बांगडी फिरवत फिरवत सरकवायची. हाड कुठं अडतंय ते माझ्या अंगठ्याला कळतं. डोळे मिटून पण मी भरीन. पण मधे प्लास्टिक. आत घाम सुटला, पिशवी बोटांना चिकटली, मला ऋतुजाचा हात लागेचना. चार बांगड्या कशाबशा गेल्या. पाचवी पिचली. काच तिच्या मनगटाला लागली, लाल टिपका आला.

आमच्यात आणि त्यांच्यातही, नवरीची बांगडी पिचली तर "वाढली" म्हणतात. फुटली म्हणत नाहीत. तेवढं तोंड सगळ्या सांभाळतात.

"फुटली!" एक बाई ओरडली. "साखरपुड्याच्या आदल्या दिवशी फुटली!"

मालतीवैनीची चुलतसासू कोपऱ्यातून म्हणाली, "म्या म्हणलंच व्हतं, आपल्यातली बोलवा."

इतक्या वर्षांत त्या घरात हे कुणी बोललं नव्हतं. की बोलत होते आणि मला ऐकू येत नव्हतं, अल्ला जाणे.

"माफ करा वैनी, चूक झाली," मी म्हणाले. आणि हात जोडले. पिशव्या घातलेले हात. त्यांचा कुरकुर आवाज झाला.

उरलेल्या तशाच भरल्या. बांगड्या भरून झाल्या की पोरगी मण्यारणीला वाकून नमस्कार करते. हा रिवाज आहे. जात बघत नाहीत, वय बघत नाहीत. ऋतुजा अर्धी वाकली होती. आईनं तिला दंडाला धरून उभं केलं. "चल, हात धू आधी. साबणानं."

दारात मालतीवैनी मला म्हणाली, "लग्नाचा चुडा दीड महिन्यावर हाय. तवर हात साफ करून ये. जरा मनावर घे. न्हाईतर मला लातूरहून दुसरी बघावी लागंल."

मी म्हणाले, "हाव वैनी."

ते "हाव" मला अजून सलतं. पिशवीपेक्षा जास्त.

माझा आजार कोपरापासून सुरू झाला. आधी वाटलं कोरडं पडलं असेल, खोबरेल लावलं. मग डोक्यात आला, मग गुडघ्यांवर, मग जिथं यायला नको होता तिथं, दोन्ही तळहातांवर. लाल चट्टे, वर चांदीसारख्या खपल्या. थंडीत भेगा पडायच्या, रक्त यायचं. सकाळी अंथरूण झाडलं की भुसा पडावा तशा खपल्या पडायच्या. झाडपाला झाला. दर्ग्यावर जाऊन आले. उमरीला माझं माहेर, तिथल्या भावजयीनं कडुलिंबाचा पाला उकळून दिला. हाताला वास राहिला, चट्टे पण राहिले.

लातूरच्या सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर पोरगी होती, माझ्या नातीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल. तिनं नीट समजावलं. म्हणाली, "आजी, अंगात एक फौज असते, रोगाशी लढणारी. तुमची फौज बिथरलीय. तुमच्याच कातडीला दुश्मन समजून चालून जातेय. ही गोळी त्या फौजेला थोडी दाबून ठेवते. थोडीच. सगळी दाबली तर साधा तापसुद्धा झेपणार नाही तुम्हाला."

"किती दिवस खायची?"

"बरीच वर्षं."

"मग बरं होतं?"

"बरं नाही होत, आजी. दबून राहतं."

गोळीचं नाव मेथोट्रेक्झेट. मी शाळेत दुसरीपर्यंत. पण बांगड्यांच्या पेटीत रद्दी पेपर भरून यायचा, त्या रद्दीवर मी वाचायला शिकले, शेंगा फोडत फोडत. मराठी सगळं वाचते. ते नाव पाकिटावर इंग्रजीत होतं, म्हणून मी तिच्याकडून मराठीत लिहून घेतलं. आठवड्यातून एकच गोळी. मी जुम्मा ठरवला, शुक्रवार, म्हणजे विसरायला नको. बाकीच्या दिवशी एक पिवळी गोळी, ताकदीची. दर महिन्याला रक्त तपासायचं, पुढं दोन-तीन महिन्यांनी. कारण ही गोळी यकृतावर बसते.

"रोज नाही घ्यायची," ती म्हणाली. "आठवड्यातून एकदा. तीनदा म्हणून दाखवा."

मी तीनदा म्हणून दाखवलं. शाळेतल्यासारखं.

शनिवारी मळमळायचं. केस गळाले. पण चट्टे कमी झाले, पातळ पडले. गेले मात्र नाहीत. तळहात तर हट्टीच. अशी दीड-दोन वर्षं गेली. मी त्यातच खूश होते. काम करता येत होतं ना. तर असा सगळा हिशोब जमलेला असताना त्या साखरेच्या पिशव्या आल्या.

आता पुढचं सांगायला मला लाज वाटते. पण तेच सांगायला बसले आहे.

साखरपुड्याच्या बांगड्या भरून आले त्या दिवशी मंगळवार होता. मी पेटी खाली ठेवली आणि गोळीचं पाकीट काढलं. पाकिटात दहा गोळ्या होत्या. मी एक खाल्ली. बुधवारी एक खाल्ली. गुरुवारी एक. जुम्म्याला तर खायचीच होती.

विसरून नाही. समजलं नाही म्हणून नाही. तीनदा म्हणून दाखवलेलं होतं. मला असं वाटलं, एका गोळीनं एवढं दबतं, तर रोज एकीनं सगळंच दबेल. दीड महिन्यात हात पोरीसारखे होतील. मग ती वैनी काय म्हणते ते बघू. असा विचार फक्त मण्यारीण करेल. दुसऱ्या कुणाचे हात झाकून चालतात. स्वयंपाकीण पळी धरते, मजुरीण विळा धरते. आमच्या धंद्यात बाई आपला हात दुसऱ्याच्या हातात देते, त्याच्यावर आमची भाकर आहे. तिनं हात दिला नाही तर आम्ही कोण?

नऊ दिवस. नऊ गोळ्या. सुनेला सांगितलं नाही.

सहाव्या दिवशी जीभ चरचरली. मला वाटलं तिखट लागलं. आठव्या दिवशी तोंडाची आतली कातडी सोलून निघाली. थुंकी गिळता येईना. हिरड्यांतून रक्त. मग ताप आला, असा ताप की मला माझा मेलेला नवरा दारात बसलेला दिसला, हिशेबाची वही घेऊन.

माझी सून शबाना. भली पोरगी, नायगावची. तिनं माझं तोंड उघडून बघितलं आणि किंचाळली. "या अल्ला! अम्मा, क्या खाके बैठे तुम?"

मी उशाखालचं पाकीट दाखवलं. एक गोळी उरली होती.

लातूरला नेलं. तीच डॉक्टर पोरगी होती. रक्तातली फौज जवळजवळ संपली होती, असं तिनं सांगितलं. उताऱ्याचं इंजेक्शन चालू केलं. मला वेगळं ठेवलं, कुणाची सर्दी लागली तरी जीव जाईल म्हणून. तोंडावर कापड बांधून ती खाटेजवळ आली. रागावलेली होती.

"आजी, तीनदा म्हणून घेतलं होतं ना तुमच्याकडून?"

"हाव."

"विसरलात?"

"न्हाई."

"मग का खाल्ल्या रोज?"

"लग्न हाय."

"कुणाचं?"

"लोकाचं."

ती सलाईनची नळी बघत राहिली.

ताप उतरल्यावर मला मोठ्या वॉर्डात हलवलं. शेजारच्या खाटेवर निलंग्याकडची एक बाई होती, पायाला प्लास्टर, तोंड माझ्यापेक्षा चालू. तिनं शबानाकडून सगळं काढून घेतलं. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "अगं माय, लोकाच्या लग्नापायी मरायला निघालीस व्हय? जेवायला तरी पंगतीत बसवणार व्हते का तुला?"

मी हसले. तोंड फाटलेलं, रक्त आलं, तरी हसू थांबेना. नाही, बसवणार नव्हते. पस्तीस वर्षांत कधी बसवलं नव्हतं. डबा भरून मागच्या दारी द्यायचे, आणि मी तो डबा इज्जत म्हणून घरी आणायचे. हसता हसता मला रडू फुटलं आणि मग ते लई वेळ चाललं. नर्स आली, तिला वाटलं दुखतंय.

सोळा दिवसांनी घरी आले. जिना चढायला दोनदा बसावं लागायचं. पेज आणि दूधभात, बाकी काही जाईना. आणि एक दिवस उन्हात बसले असताना शबाना म्हणाली, "अम्मा, हात देखो."

साफ होते. तळहात साफ. एक चट्टा नाही, खपली नाही. बारीक, पिवळे, मेलेल्या माणसासारखे, पण साफ.

बातमी कशी पोचली ठाऊक नाही. चाकूरात काही लपत नाही. मालतीवैनीचा फोन आला. "भाभी, हात साफ झालं म्हणं! मग ये की. परवा चुडा हाय. गाडी पाठवते."

गाडी. मला कधी गाडी पाठवली नव्हती.

मी गेले. खरं सांगते, भरायलाच गेले होते. हट्टानं, आजारी अंगानं. शबाना नको म्हणत होती, तिला सोबत घेतलं. मनात एकच होतं, सगळ्यांसमोर ऋतुजाचा हात हातात घेईन.

मालतीवैनीनं दारातच माझे हात धरले. हो, स्वतः धरले. उलटे केले, सुलटे केले, आणि बायांना दाखवले, बाजारात वांगी दाखवतात तसे.

"बघा गं! मी म्हणलं नव्हतं, मनावर घे म्हणून? मनावर घेतलं की होतंय. आळस असतो नुसता."

बाया हसल्या. कुणीतरी मला पाट दिला. ऋतुजा समोर येऊन बसली, हात पुढं केला. मेंदी लालभडक चढली होती.

डॉक्टरीणबाई तिथंच होती. ती माझ्या हातांकडं बघत नव्हती. तोंडाकडं बघत होती. ओठांच्या कडेला अजून खपल्या होत्या. ती वाकून हळूच म्हणाली, "भाभी, किती गोळ्या घेतल्या?"

"नऊ. रोज एक."

तिचा चेहरा उतरला. तिला कळलं होतं. तिच्याइतकं तिथं कुणालाच कळणार नव्हतं. मी तिला म्हणाले, जरा मोठ्यानं, "बाई, तुम्ही सांगा ह्यांना. हा रोग शिवल्यानं लागत न्हाई. तुम्हीच मला सांगितलं व्हतं, ह्याच खोलीत. आता सगळ्यांसमोर सांगा."

तिनं बहिणीकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग साडीचा पदर नीट केला.

"जाऊ द्या ना भाभी आता," ती म्हणाली. "झालेत ना साफ? भरा चुडा. लग्नाच्या घरात कशाला ते."

मला राग आला असं लोक सांगतात. नाही आला. थंड पडले मी आतून. ऋतुजाचा हात माझ्यासमोर होता. ह्या हाताला काही कळत नव्हतं, तो मऊ होता, मी लहानपणापासून ओळखत होते. माझा हात पुढं गेला पण होता. मग मला दिसलं, हे माझे हात नाहीत. माझे हात चट्ट्यांचे, खपल्यांचे. ते त्यांनी पिशवीत घातले. हे जे साफ आहेत ते मी मरता मरता त्यांच्यासाठी बनवून आणलेत. आणि त्यांना तेच पाहिजेत.

मी बांगड्या परत पेटीत ठेवल्या.

"काय गं?" मालतीवैनी म्हणाली.

"चुडा भरणार न्हाई."

"काहून?"

"हात साफ हायत म्हणून. महिन्या-दोन महिन्यांत परत चट्टे येतील. तवा बोलवा. तवा पोरीचं मनगट पुढं करा, तसल्याच हातात द्या. तवा भरीन."

"भाभी, डोस्कं फिरलं का तुझं? लग्न थांबवू व्हय तुझ्या चट्ट्यांसाठी?"

"थांबवू नका. दुसरी बघा."

"तीस-पस्तीस वर्षं ह्या दारात खाल्लंस!"

"काम केलं," मी म्हणाले. "आणि तुमचा पण चुडा ह्याच हातांनी भरला. काढून फेका मग."

हे बोलायला नको होतं, नवरीच्या घरात, सवाष्णीला. पण बोलले. मागं घेत नाही.

ऋतुजानं हात मागं घेतला. ती रडत होती की नाही मी बघितलं नाही. चुलतसासू काहीतरी म्हणत होती, तेही ऐकलं नाही. शबानानं पेटी उचलली. गाडी परत सोडायला आली नाही. दोन कोस चालत आलो, मी तीनदा बसले, एकदा बांधाला, दोनदा रस्त्याच्या दगडावर. शबाना पाण्याची बाटली पुढं करत होती.

तुम्हाला वाटेल, मग गोड झालं असेल. काही झालं नाही. चुडा लातूरहून आणलेल्या बाईनं भरला. लग्न धडाक्यात झालं. आणि भागात असं पसरलं की मण्यारणीनं लग्नाच्या घरातून बांगड्या उचलून नेल्या, सवाष्णीला चुडा काढ म्हणाली, करणी करते. त्या मोसमात मला एका लग्नाचं बोलावणं आलं नाही. पुढच्याला पण नाही. सासऱ्यांनी जोडलेली सतरा गावं गेली. मुलगा म्हणाला, "अम्मा, एक चुडा भर दिये होते तो क्या जाता था?" त्याचं चुकलं नाही. धंदा त्याचा पण आहे.

डॉक्टरीणबाई काय म्हणाली असेल? काहीच नाही. तिचा दवाखाना जोरात आहे.

आणि चट्टे आले. दोन महिने पण लागले नाहीत. पहिल्यापेक्षा जास्त, मानेवर, कानामागं, तळहात तर भेगाळून गेले. यकृताचा आकडा वाढलेला, म्हणून ती गोळी कितीतरी दिवस बंद ठेवली. दुसरी दिली, सकाळ-संध्याकाळची. तिनं रक्तदाब चढला, मूत्रपिंडावर यायला लागलं, तीही बंद. आता पुन्हा तीच जुनी, अर्धी, आठवड्याला एकदा, आणि शबाना स्वतःच्या हातानं देते, पाकीट तिच्या कपाटात. मी त्यावर काही बोलत नाही. महागडी इंजेक्शनं असतात म्हणतात. आमच्यासाठी नाहीत ती. डॉक्टर पोरीची बदली झाली. नवा डॉक्टर कागद बघतो, माझ्याकडं बघत नाही.

हे असंच राहणार आहे. फौज माझीच, कातडी माझीच, दोघींचं पटणार नाही मी मातीत जाईपर्यंत. मला ते मान्य आहे. मान्य करण्यात काही मोठेपणा नाही, दुसरं करता काय?

आता मी उमरीच्या, नायगावच्या आठवडी बाजारात बसते. भावाकडं दोन दिवस राहून. बायका येतात, बांगड्या उचलतात, मग हात बघतात आणि बांगड्या ठेवतात. काही तोंडाला पदर लावतात, जसं काही माझ्या अंगातून धूर निघतो. मुलानं हातमोजे आणून दिले, पांढरे, चांगले कापसाचे. पोरानं मायेनं आणले. मी ते घातले नाहीत.

घालणार पण नाही. बाई बसली की मी आधी सांगते, मोठ्यानं, शेजारच्या चार दुकानांना ऐकू जाईल असं. "ह्याला सोरायसिस म्हणतात. शिवल्यानं लागत न्हाई. बरा पण होत न्हाई. हात द्यायचा असंल तर दे." दहातल्या आठ उठून जातात. उठू देत. आठाच्या दहा झाल्या तरी मी हेच बोलणार आहे, आणि कुणाच्या दारात, साफ होऊन, उभी राहणार नाही.